एक मिनिट पूर्ण होऊ द्या: जुनं क्रोनोग्राफ घड्याळ घेण्याआधी

माझा आतेभाऊ मदुराईत गलाईचं दुकान चालवतो. विटा-खानापूरकडच्या घरांत हे नवीन नाही. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर जाऊन बसली आहेत. एका दुपारी त्याचा फोन आला. "दादा, सोन्याचं घड्याळ आलंय गाळायला. पण चावीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन बटणं आहेत. मुशीत टाकायच्या आधी म्हटलं तुला विचारावं."

मी त्याला व्हिडिओ लावायला सांगितलं. चावी दे, वरचं बटण दाब. मधला लांब काटा पळायला लागला. साठ सेकंद आम्ही दोघंही गप्प होतो. काटा बारावर आला आणि उजवीकडच्या लहान वर्तुळातला काटा टक्कन एक घर पुढे सरकला. खालचं बटण दाबल्यावर लांब काटा थांबला, तेच पुन्हा दाबल्यावर दोन्ही काटे झटक्यात शून्यावर आले. "गाळू नकोस," मी म्हटलं. "आणि त्या गिऱ्हाइकाला सांग, हे घड्याळ म्हणून विकलं तर जास्त पैसे येतील." गिऱ्हाइकाने भाव सांगितला, आम्ही तो दिला, आणि ते घड्याळ सांगलीला आलं.

त्याच्या डायलवर फक्त 'क्रोनोग्राफ सुईस' असं लिहिलेलं आहे. अशी घड्याळं जुन्या घरांत बरीच सापडतात, म्हणून आधी तेच सांगतो. हे कंपनीचं नाव नव्हे. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'स्विस क्रोनोग्राफ' एवढाच होतो. वेगवेगळ्या स्विस कारखान्यांनी पातळ सोन्याच्या पोकळ केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, साधं, टिकाऊ मशीन बसवून ही घड्याळं विकली. सोनं खरं असतं, पण पत्र्यासारखं पातळ. वजनाच्या आशेने गाळायला काढलं तर हाती फार काही लागत नाही आणि चालतं मशीन मात्र भंगारात जातं. आजोबांच्या पेटीत असं काही असेल तर सराफाकडे नेण्याआधी पुढचं सगळं वाचा.

हे आहे काय, आणि ओढ कशाची

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचंही काम करणारं घड्याळ. शब्दाचा अर्थ 'वेळ लिहिणारा'. १८२१ मध्ये निकोलस रियुसेक या फ्रेंच घड्याळजीने घोड्यांच्या शर्यतीसाठी यंत्र केलं, त्यात खरोखरच डायलवर शाईचा ठिपका पडायचा. मनगटी घड्याळात सुरू-बंद करायला वेगळं बटण ब्राइटलिंगने १९१५ मध्ये दिलं आणि दुसरं बटण १९३४ मध्ये. आज आपण 'दोन बटणांचं' म्हणून जे ओळखतो ते रूप तेव्हापासूनचं.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करतो. दिवसभर शतांश मिलिमीटरशी गाठ असते, तरीही क्रोनोग्राफचं मागचं झाकण उघडलं की मी दर वेळी थांबून बघतो. मधल्या चाकाच्या आसावर हृदयाच्या आकाराचा एक बारीक कॅम, म्हणजे आकार दिलेली चकती, असतो. शून्यावर आणायचं बटण दाबलं की एक हातोडी त्या कॅमवर पडते. कॅम कुठल्याही स्थितीत असो, हातोडीच्या दाबाने तो फिरून आपल्या सर्वांत आतल्या खाचेपाशीच येतो, म्हणून काटा कुठेही असला तरी बरोबर बारावर पोचतो. अर्ध्याच्या अलीकडे असेल तर मागे फिरून, पलीकडे असेल तर पुढे फिरून. ना बॅटरी, ना चिप. तुमच्या अंगठ्याचा दाब आणि एका कॅमचा आकार. साधं घड्याळ तुम्ही फक्त बघता. हे तुम्ही चालवता, आणि प्रत्येक मशीनचा दाब बोटाला वेगळा लागतो. या छंदाची ओढ मला तरी तिथेच वाटते.

डायलच्या कडेचे आकडे वाचायला शिका, कारण घड्याळ कुणासाठी बनलं होतं ते त्यावरून कळतं. टॅकिमीटर वेगासाठी: रस्त्यावरच्या एका किलोमीटरच्या दगडाशी सुरू करा, पुढच्याशी थांबवा. ४५ सेकंद लागले तर काटा ८० वर असेल, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. टेलिमीटर अंतरासाठी: वळवाच्या पावसात वीज चमकली की सुरू, गडगडाट ऐकू आला की बंद. ९ सेकंद म्हणजे वीज साधारण ३ किलोमीटरवर. आणि पल्सोमीटर डॉक्टरांसाठी. नाडीचे ३० ठोके मोजून बटण दाबायचं, काटा मिनिटाचे ठोके दाखवतो. ३० ठोक्यांना २५ सेकंद लागले तर ७२. मिरजेत १८९४ मध्ये वॉनलेस हॉस्पिटल सुरू झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांची घरं आहेत. पल्सोमीटर डायल दिसला की मी हातातलं सगळं बाजूला ठेवतो, कारण हे डायल मुळातच कमी बनले.

आधी कारागीर, मग घड्याळ

नवखा माणूस आधी घड्याळ घेतो आणि मग दुरुस्त करणारा शोधतो. उलट करा. साधं चावीचं घड्याळ उत्तम सांधणारे कारागीर सांगली, मिरज, साताऱ्यात अजून आहेत, पण क्रोनोग्राफवर हात बसलेला त्यातला एखादाच. तो सापडेपर्यंत पैसे खिशात ठेवा.

माझ्या पहिल्या चांगल्या घड्याळाचं नुकसान इथेच झालं. एका दुकानात सर्व्हिसिंगला दिलं. परत आलं तेव्हा बटण दाबताच काटा तीन-चार सेकंद उडी मारायचा आणि क्रोनोग्राफ चालू ठेवला की अर्ध्या तासात सगळं घड्याळच बंद पडायचं. पुढे दुसऱ्या कारागिराने उघडून दाखवलं: क्लचच्या, म्हणजे बटण दाबल्यावर क्रोनोग्राफ चालत्या मशीनला जोडणाऱ्या, चाकांच्या दातांना तेल लावलेलं होतं आणि एक्सेंट्रिक स्क्रू फिरवलेले होते. एक चाक दुसऱ्यात किती खोल शिरेल हे त्या स्क्रूंवर ठरतं. जास्त शिरलं तर घड्याळ अडतं, कमी शिरलं तर दात सुटतात. साध्या घड्याळात असे स्क्रू नसल्यामुळे ज्याला माहीत नाही तो ते इतर स्क्रूंसारखेच पिळतो. लावलेलं बिघडवायला एक मिनिट लागतं, पुन्हा जुळवायला दोन-दोन दिवस.

म्हणून कारागिराकडे रिकाम्या हाताने जा आणि बोला. क्लचच्या दातांना तेल लावता का, असं सरळ विचारा. उत्तर 'नाही' यायला हवं. एक्सेंट्रिक कधी फिरवता? चांगला माणूस म्हणेल, शक्यतो नाहीच, आणि फिरवलाच तर आधी जागेची खूण करून. सिको ६१३९ या जपानी क्रोनोग्राफबद्दल विचाराल तर जाणकार सांगेल की त्याचं मधलं क्रोनोग्राफ चाक धुण्याच्या द्रावणात टाकायचं नसतं, कारण आतल्या उभ्या क्लचमधलं (यात भाग दातांनी नव्हे, एकमेकांवर दाबून जोडले जातात) तेल धुऊन निघतं. अशी उत्तरं देणारे काका भेटले तर त्यांना जपा. घाई करू नका, पैशांची घासाघीस करू नका, आणि सुटं भंगार मशीन कुठे दिसलं तर त्यांच्यासाठी घेऊन या. पार्ट आता त्यातूनच मिळतात.

सुरुवात कुठल्या मशीनपासून

डायलवरचं नाव नंतर बघा, आत कुठलं मशीन आहे ते आधी. स्विस कंपन्यांपैकी बहुतेकांनी क्रोनोग्राफचं मशीन स्वतः बनवलंच नाही; व्हालजू, लँडेरॉन, व्हीनस, लेमानिया अशा कारखान्यांकडून घेतलं. त्यामुळे अनोळखी नावाच्या घड्याळात अतिशय उत्तम मशीन मिळू शकतं, आणि कमी पैशांत चांगला संग्रह करणाऱ्याला वाव आहे तो इथेच.

क्रोनोग्राफची बटणं दोन पद्धतींनी काम करतात. एकात बुरुजासारखे खांब असलेलं छोटं चाक असतं, कॉलम व्हील. बटण दाबलं की ते एक घर फिरतं. दाब हलका आणि स्पष्ट लागतो. दुसऱ्यात पत्र्याचा आकार दिलेला कॅम मागेपुढे सरकतो. बनवायला स्वस्त, सांधायला सोपा, दाब जरा कडक. कॅमचं म्हणजे हलक्या प्रतीचं, असं बाजारात सांगतात. मला ते पटत नाही. चांगलं ठेवलेलं कॅमचं मशीन झिजलेल्या कॉलम व्हीलपेक्षा कधीही बरं.

नवख्याने लँडेरॉन ४८ पासून सुरुवात करावी असं मी सांगेन. कॅमचं आहे, भरपूर बनलं, आणि ओळखायला सोपं: वरचं बटण फक्त सुरू करतं, थांबवणं आणि शून्यावर आणणं दोन्ही खालच्या बटणावर. मदुराईहून आलेलं घड्याळ मी व्हिडिओवरून ओळखलं ते यामुळे. व्हालजू ७७३३ आणि ७७३४ हेही कॅमचे आणि कामाला सोपे.

दुसरा रस्ता सिको ६१३९ चा. १९६९ हे वर्ष या छंदात सगळ्यांच्या तोंडी असतं, कारण चावी न देता हाताच्या हालचालीवर चालणारा क्रोनोग्राफ त्या एका वर्षात तीन ठिकाणांहून आला: झेनिथचा एल प्रिमेरो, ह्यूअर-ब्राइटलिंग-हॅमिल्टन-ब्यूरेन यांचा मिळून केलेला कॅलिबर ११, आणि जपानमधून सिकोचा ६१३९. पहिले दोन महाग. तिसऱ्यात कॉलम व्हील आहे, उभा क्लच आहे, आणि तरी तो अजून आवाक्यात राहिला आहे. पिवळ्या डायलचा असाच एक सिको विल्यम पोग या अंतराळवीराने १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर नेला होता. आपल्याकडे परदेशी घड्याळांच्या आयातीवर बंधनं होती त्या काळात ही घड्याळं आखातातून परतलेल्या किंवा बोटीवर असलेल्या नातेवाइकांच्या मनगटावरून आली, आणि कपाटात पडून राहिली.

६१३९ घेताना मागच्या सिरियल नंबरातला पहिला आकडा वर्षाचा आणि दुसरा महिन्याचा. ३४ ने सुरू होत असेल तर एप्रिल १९७३. चावी किंचित दाबली की तारीख, पूर्ण दाबली की वार बदलतो. दोन्ही करून बघा. आतली फिरती रिंग असेल तर ती चावीने फिरते का पाहा, तिचा दातेरी चाकाचा भाग हमखास तुटलेला असतो. आणि या घड्याळाला नेहमी चालणारा सेकंद काटा नसतोच, त्यामुळे मधला काटा स्थिर दिसला म्हणून बंद आहे असं समजू नका.

व्हालजू ७२ आणि ओमेगाचं ३२१ ही पुढची पायरी, घाईने चढायची नाही. व्हालजू ७२ हे तीन वर्तुळांचं, कॉलम व्हीलचं मशीन. ह्यूअरच्या कॅरेरात ते आहे, आणि रोलेक्सच्या जुन्या डेटोनातही त्याचंच रूप आहे. हॉलिवूडचे अभिनेते पॉल न्यूमन यांची स्वतःची डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेली. ३२१ मुळात लेमानियाचं. नासाने मार्च १९६५ मध्ये निवडलेल्या ओमेगा स्पीडमास्टरमध्ये तेच होतं, आणि १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन तेच बांधून चंद्रावर उतरले. अशी घड्याळं स्वस्तात मिळत असतील तर आपण फसतोय असं धरून चालावं.

हातात घेतल्यावर

पुण्याच्या जुन्या बाजारात मी एकदा निळ्या डायलचं, दोन वर्तुळांचं सुंदर घड्याळ घेतलं. चावी दिली, बटण दाबलं, काटा पळाला, थांबवला, शून्यावर आला. विकणारा घाईत होता, मीही होतो. वीस सेकंदांत तपासणी संपली. घरी रात्री शांतपणे लावून बसलो तेव्हा लांब काटा बारा ओलांडून गेला आणि मिनिटांचा छोटा काटा जागचा हलला नाही. काकांनी झाकण उघडलं तर मिनिट मोजणारं चाकच नव्हतं. वरचा काटा नुसता चिकटवलेला होता. एक मिनिट उभा राहिलो असतो तर पैसे वाचले असते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी बटणं न दाबता चावी देतो. ती गुळगुळीत लागली पाहिजे, कुरकुर किंवा घसरण नको. मग वरचं बटण. काटा निघताना अगदी किंचित थरथरला तर चालतं, आडव्या क्लचमध्ये दात दाताला भिडताना ते होतं. पण सेकंद-दोन सेकंदांची उडी नको. मग हात खाली सोडून पूर्ण मिनिट बघतो. बारा ओलांडताना मिनिटाचा काटा एकदाच, पूर्ण एक घर सरकला पाहिजे. दोन घरं सरकला किंवा अर्ध्यात अडकला तर काम निघणार. मग थांबवतो आणि काटा रांगत नाही ना ते पाहतो. मग शून्य. काटा बारावर नेमका यायला हवा. दर वेळी तेवढाच बाजूला येत असेल तर तो फक्त नीट बसवलेला नाही, सोपी गोष्ट आहे. दर वेळी वेगळ्या जागी येत असेल तर हातोडी किंवा कॅम झिजलेला, आणि ते महाग पडतं. हे सगळं तीनदा करतो. काटा चालू असताना शून्याचं बटण मात्र दाबू नका. त्यासाठी खास बनवलेली फ्लायबॅक घड्याळं सोडून बाकीच्या बऱ्याच मशीनांना त्याने इजा होऊ शकते. लँडेरॉन ४८ मध्ये थांबवायचं बटणही तेच, म्हणून तिथे पहिल्या दाबाची भीती नाही.

विकणारा तयार असेल तर घड्याळ अर्धा तास चालू ठेवून शेजारी चहा घ्या. परत याल तेव्हा मिनिटांचा काटा चुकला नसेल आणि घड्याळ चालूच असेल, तर निम्मी काळजी मिटली. शक्य असेल तर टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर, लावून घ्या. तासाला १८,००० ठोक्यांची ही जुनी स्विस मशीनं सपाट ठेवल्यावर २७० अंशांच्या आसपास ॲम्प्लिट्यूड (बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे डोलणारं चाक, किती फिरतं त्याचं माप) देत असतील तर तब्येत चांगली. २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरा. क्रोनोग्राफ सुरू केल्यावर हा आकडा थोडा उतरतो, पण पन्नास अंश कोसळला तर क्लच बिघडलेला आहे. सिकोला हे आकडे मुळातच कमी येतात.

मागचं झाकण उघडून मागा. नकार मिळाला तर नमस्कार करून निघा. आत व्हालजूचा नंबर बॅलन्स व्हीलच्या खाली प्लेटवर असतो. स्क्रूंची डोकी ओरबाडलेली असतील तर बऱ्याच हातांतून गेलंय. लालसर तपकिरी गंज कुठेही दिसला तर आपल्या भागात मी सरळ विचारतो: पुरात होतं का? २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीतली कितीतरी कपाटं पाण्याखाली गेली, आणि त्यातली घड्याळं पुसून, चमकवून अजूनही विकायला येतात.

डायल

किंमत ठरते ती डायलवर, आणि फसवणूकही तिथेच होते. आपल्या देशात जुने डायल पुन्हा रंगवण्याचा मोठा धंदा आहे. रंगवलेल्या, इकडचे-तिकडचे भाग जोडलेल्या घड्याळांना परदेशातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. रंगवण्याचं कामही कसबाचं आहे, आणि खराब झालेलं घड्याळ मालकाने पुन्हा रंगवून घेतलं तर त्यात वाईट काही नाही. वाईट आहे ते मूळचं म्हणून विकणं.

दहा पट भिंग घ्या आणि आधी लहान वर्तुळं बघा. बऱ्याच मूळ डायलमध्ये त्यांत ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या अतिशय बारीक गोल रेषा कोरलेल्या असतात. रंगवलेल्यात त्या रेषा रंगाने बुजतात, त्यांच्या कडा मऊ दिसतात. मग बाहेरचे आकडे: सेकंदाच्या प्रत्येक भागाच्या रेषा सारख्या जाडीच्या आहेत का, लहान वर्तुळ जिथे बाहेरच्या पट्टीला छेदतं तिथे रेषा नेमक्या तुटतात की एकमेकींवर चढतात? स्विस घड्याळात सहाच्या खाली अगदी काठावर बहुधा 'स्विस' असं बारीक लिहिलेलं असतं. ते नसणं किंवा वर सरकलेलं असणं ही मोठी खूण. आणि रंग. पन्नास वर्षांच्या डायलवर गडद, कोरा, टवटवीत निळा किंवा केशरी रंग दिसला तर सावध व्हा. चट्टे पडलेला, तांबूस झालेला मूळ डायल मी चकचकीत रंगवलेल्यापेक्षा केव्हाही घेईन. सिकोत डायलच्या तळाशी नंबर छापलेला असतो. तो हुबेहूब सारखा नसतो, पण मागच्या मॉडेल नंबराच्या घड्याळाचाच आहे का ते बघा, कारण पिवळे डायल नवे बनवून भरपूर विकले जातात.

अंधारात चमकणारा लेप असेल तर नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारा आणि विझवा. नवा लेप बराच वेळ लखलखत राहतो, जुना लगेच विझतो. मात्र जुन्या लेपाला नखही लावू नका. १९६० च्या आसपासपर्यंत त्यात रेडियम असायचं. चमक कधीच संपली, किरणोत्सर्ग संपलेला नाही, आणि त्याची भुकटी श्वासात जाणं घातक आहे. असं घड्याळ घरच्या टेबलावर उघडू नका, लेप खरवडू नका, मुलांच्या खोलीत ठेवू नका.

केसचं पॉलिश हा लोभ टाळा. पट्टा अडकवायच्या शिंगांच्या धारदार कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत.

घरी आणल्यावर

प्रत्येक घड्याळाची एक वही करा: कुठून घेतलं, कितीला, आत कुठलं मशीन, कोणी कधी उघडलं, काय बदललं. बदललेला जुना भाग कागदी पाकिटात त्या वहीतच ठेवा, टाकू नका. आठवड्यातून एकदा चावी द्या आणि क्रोनोग्राफ दहा मिनिटं चालवा. स्पीकर आणि चुंबकाच्या फोनकव्हरपासून दूर ठेवा. घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं तर बहुधा हेअरस्प्रिंगला, म्हणजे डोलणाऱ्या चाकाच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबक लागलेलं असतं, आणि कारागीर ते दोन मिनिटांत उतरवतो. ही घड्याळं हात धुताना काढून ठेवा. मागे 'वॉटर रेझिस्ट' लिहिलेलं असलं तरी आतलं रबर पन्नास वर्षांपूर्वीचं आहे.

पावसाळ्यात मी सगळी घड्याळं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. पुड्या दर महिन्याला वाळवतो. घड्याळात पाणी गेलंच तर तांदळात पुरू नका, उन्हात ठेवू नका, चावी देऊ नका. त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, काकांचं दार वाजवा. पोलादी स्क्रूंवर आणि स्प्रिंगांवर गंज चढायला काही तास पुरतात.

आणि कृष्णाकाठी राहत असाल तर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची जी पातळी मोजतात तिच्याकडे लक्ष ठेवा. इशारा पातळी ४० फुटांची, धोक्याची ४५ ची. मी तेवढी वाट बघत नाही. ३५ फुटांची बातमी आली की डबा आणि वही पिशवीत घालून मिरजेला बहिणीकडे ठेवून येतो.